टेकाडावरचं सारवण

ठोक्.

लहानपणी ऐकलेला हा आवाज अजून माझ्या कानात आहे. वडील टेकाडाच्या पायथ्याला नांगरत होते, मी बैलांच्या पुढे चाललो होतो. फाळ दगडाला लागला की ठण्ण वाजतो. हा आवाज तसा नव्हता. आत काहीतरी पोकळ होतं, आणि त्या पोकळाला धक्का लागला होता. वडिलांनी बैल थांबवले, खाली बसून माती बाजूला केली. मोठ्या रांजणाचा काठ दिसला. त्यांनी माती परत लोटली आणि मला म्हणाले, "वळव बैलं. आठे कोनी तरी शे."

आठे म्हणजे इथे. इथे कोणीतरी आहे. त्या वर्षापासून आमचा नांगर तेवढी जागा सोडून जातो.

नांगरताना वर येणारी खापरं वडील बांधावर ठेवत. टाकून द्यायला त्यांना जीव होत नसे. पुढे मीही तेच केलं. पाहता पाहता बांधाला खापरांचा ढीग लागला. किस्स्यांचंही तसंच होतं. कोणी मुद्दाम गोळा करत नाही, पण टाकूनही देत नाही. एक दिवस मागे वळून पाहावं, तर हा एवढा ढीग! टेकाडावर खोदकाम सुरू झालं, आम्ही गावची माणसं तिथं कामाला लागलो, आणि माझ्या बांधावर हाही ढीग वाढत गेला. आता पाचोऱ्याच्या बाजाराला गेलो की लोक चहा पाजतात आणि विचारतात, "नाना, आजूबाजूची सगळी टेकाडं गेली, तुमचं कसं राहिलं?" मला पटकन सांगता येत नाही. मग मी पहिल्यापासून सुरू करतो.

*

आमचं गाव गिरणेच्या काठाला. गावाबाहेर पांढऱ्या मातीचं टेकाड आहे. आम्ही त्याला पांढरी म्हणतो. खाली चिखल-मातीची घरं पडत गेली, त्यावर नवी होत गेली, त्याचं हे टेकाड झालं, असं सरांनी आम्हाला सांगितलं. सर म्हणजे विद्यापीठातून आलेले खोदकामाचे मुख्य. त्यांच्याबरोबर एक मॅडम होत्या, त्यांचा अभ्यास हाडांचा. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथं शेती करणारी, गुरं पाळणारी माणसं राहत होती, त्यांचं जगणं शोधायला ही मंडळी आली होती.

पहिल्या दिवशी आमच्यात एक विहीर खोदणारा होता, साहेबराव. अंगानं पहाड. सरांनी त्याला छोटी खुरपी आणि रंगाचा ब्रश दिला. त्यानं ब्रश उलटासुलटा करून पाहिला.

"सर, रोज किती फूट जायचं?"

"फूट नाही हो. बोटभर गेलो तरी पुष्कळ."

साहेबराव दुपारपर्यंत ब्रश फिरवत बसला. जेवणाच्या सुट्टीत त्यानं ब्रश सरांच्या हातात दिला, पाया पडला आणि म्हणाला, "माफ करा. मी पानी लागेपर्यंत खोदतो. तुम्हाला काही लागलं की तुम्ही थांबता. आपलं जमायचं नाही."

माझं मात्र जमलं. मी चौथी शिकलेला माणूस. चालणं हळू, बोलणं त्याहून हळू. बायको म्हणायची, ह्यांनी 'जेवायला वाढ' म्हणेपर्यंत भाकरी गार होते. उभ्या जन्मात त्या टेकाडावर पहिल्यांदा कोणीतरी मला म्हणालं, "नाना, अजून थोडं हळू."

*

टेकाडाचे मालक दोन. पायथ्याचा तुकडा माझा आणि वरचा मोठा भाग गजाआबांचा. गजाआबा माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठे. कष्टाळू माणूस, पण एकदा बोलले की बोलले. सरांना त्यांनी मोजून तीन हिवाळे खोदायची परवानगी दिली. तिसरा हिवाळा सरला की टेकाड सपाट करून ड्रिप टाकायचं आणि केळी लावायची, हे तेव्हाच ठरलेलं. जागेला सरकारी पाटी लागलेली नव्हती, त्यामुळे त्यांना अडवणारं कोणी नव्हतं.

आणखी एक अट होती. टेकाडाच्या टोकाला एक लिंबाचं झाड आहे, म्हणजे कडुलिंब. त्याच्या बुडाशी खोदायचं नाही. सर म्हणाले, "आबा, तिथं उंचवटा चांगला आहे, एक खड्डा घेऊ द्या."

"नाही सांगितलं ना."

"कारण काय?"

"मना लिंब शे. एवढं कारण पुरे."

मना म्हणजे माझा. आम्हाला वाटलं, आबांचा हट्ट. हट्टाला कोण कारण विचारतो?

मग आबा माझ्याकडं आले. "नाना, तुझा तुकडाही दे. दोघांचं मिळून एकदाच मशीन लावू. तुझ्या पोरांनाही दोन पैसे दिसतील."

मी विचार करत राहिलो. आबा ओट्यावर बसून राहिले. चहा झाला, तंबाखू झाली, ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. शेवटी मी म्हणालो, "नही."

आबा भडकले. "एवढंच सांगायचं होतं तर इतका वेळ का लावला?"

"घाईचा 'नही' टिकत नाही, आबा."

*

गजाआबांची बायको म्हणजे आमची अक्का. सारं गाव तिला अक्का म्हणतं, मीही. ती टेकाडावर कामाला आली ती आबांशी भांडून. आबा म्हणाले, "आपलं शेत सोडून लोकांच्या खड्ड्यात बसणार?" अक्का म्हणाली, "खड्डा आपल्याच शेतात शे." दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर पदर घट्ट करून, घमेलं घेऊन हजर.

पण पहिलं भांडण तिनं सरांशीच केलं.

आमच्याकडं जुनी घरं धाब्याची. वर सपाट मातीचं छप्पर. पावसाळ्याआधी त्याच्यावर पांढरीची माती टाकतात. त्या मातीतून पाणी झिरपत नाही. आजोबा-पणजोबांपासून गावातलं प्रत्येक घर त्या टेकाडावरून चार पाट्या माती आणतं. सरांनी पहिल्याच उन्हाळ्यात हात जोडून सांगितलं, आता कोणी माती नेऊ नका, इथल्या मातीच्या कणाकणात इतिहास आहे.

अक्का उभी राहिली. "सर, पावसात मनं घर गळायला लागलं, तर तुमची ती जुनी माणसं येतील का धाब्यावर चढायला?"

आम्ही सगळे खाली बघत हसलो. सर मात्र हसले नाहीत. रात्रभर विचार केला असावा त्यांनी. सकाळी म्हणाले, "अक्का, जी माती आम्ही चाळून बाजूला टाकतो, ती न्या. त्यातलं आमचं आम्ही काढून घेतलेलं असतं."

त्या वर्षी गावातली धाबी चाळलेल्या मातीनं झाली. बायका खूश. खडा म्हणून नाही! अक्का म्हणाली, "शिकलेल्या माणसांचा असाही उपयोग व्हतो."

*

दुसऱ्या हिवाळ्यात एक घर लागलं. पूर्ण घर. गोल भिंतीच्या खांबांच्या खळग्या, मधे चूल, चुलीशेजारी पाट्याचा दगड आणि खाली चोपून केलेली जमीन. सर त्या जमिनीकडं असे बघायचे, जसा बाप नव्या पोराकडं बघतो. दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे येणार होते, अधिकारी वगैरे. सरांनी आम्हाला बजावलं, "घर एकदम स्वच्छ दिसलं पाहिजे."

सकाळी आम्ही पोचलो. सरांच्या हातात चहाचा ग्लास होता. तो तोंडापर्यंत गेलाच नाही.

अक्का आमच्या आधी आलेली होती. तिनं शेणाची बादली आणून ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीची जमीन झकास सारवून ठेवली होती. चुलीभोवती बोटांची नक्षी काढली होती. दाराच्या जागी रांगोळीचं एक स्वस्तिकही!

सर खाली बसले. डोक्याला हात लावला.

अक्का घाबरली नाही. उलट तिलाच राग आला. "तुम्हीच म्हणाला ना, स्वच्छ दिसलं पाहिजे? पाहुणे येणार आणि घर पारोसं ठेवायचं?"

मॅडम हसून हसून खड्ड्याच्या कडेला बसल्या. मग डोळे पुसून खाली उतरल्या. एका कोपऱ्यात जमिनीचा थोडा भाग सरांनी आधीच उभा कापून ठेवला होता. भिंग घेऊन त्या कापात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्का, इकडं या. हे बघा. पापुद्र्यावर पापुद्रा, पापुद्र्यावर पापुद्रा. ह्या घरातल्या बाईनंही सारखं हेच केलंय. तुम्ही फक्त शेवटचा हात दिलात."

अक्कानं पदरानं भिंग पुसलं, आत बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "नाना, चांगल्या घरची व्हती रे."

पाहुणे येऊन गेले. त्यांना काही कळलं नाही. एक साहेब तर म्हणाले, "काय टिकलंय हो हे!" पुढं ते सारवण काढायला सरांना बरेच दिवस गेले. तेव्हापासून त्यांनी अक्काला तंबूपुढचं अंगण नेमून दिलं. रोज सकाळी बादली घेऊन यायची आणि आधी तिथं सारवायची. तिचे हात शांत झाले की मग खड्ड्यात.

*

एकदा टीव्हीवाले आले. माझे पिकलेले केस त्यांना आवडले असावेत. माइक माझ्यापुढं धरून पोरगा म्हणाला, "आजोबा, एका वाक्यात सांगा, इथं नेमकं काय सापडलं? पटकन, ऊन चाललंय."

मी विचार करू लागलो. एका वाक्यात सांगायचं म्हणजे अवघड. त्यानं माइक काढून घेतला, सरांकडं गेला, सरांचं घेतलं, मॅडमचं घेतलं, तारा गुंडाळल्या, गाडीत बसला. गाडी सुरू झाली, तेव्हा माझं वाक्य तयार झालं.

"माणसं," मी म्हणालो.

कॅमेरावाला खिडकीशी होता. त्यानं ऐकलं. त्यानं कॅमेऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि गाडी गेली.

*

बातमी आली आणि नातेवाईक उगवले. तालुक्याकडून एका समाजाचे पुढारी आले, फेटे बांधून. "हे टेकाड आमच्या पूर्वजांचं आहे. तशी पाटी लावा." त्यांची गाडी वळते न वळते तोच दुसऱ्या समाजाचे आले. टेकाड त्यांच्याही पूर्वजांचं. दोन्ही मंडळी खड्ड्याच्या दोन बाजूंना उभी राहून एकमेकांवर ओरडायला लागली. सर मधे. मला वाटलं, आता साडेतीन हजार वर्षं शांत झोपलेल्या माणसांवर भगरीसारखी माती उडणार.

मॅडम तंबूतून ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये हाडं.

"बरं झालं तुम्ही आलात," त्या नम्रपणे म्हणाल्या. "तुमच्या पूर्वजांचं जेवण इथंच सापडलंय. हे कासव. हे रानडुक्कर. आणि हे बारके दात आहेत ना, ही घूस. भाजून खाल्लेली."

दोन्ही बाजूंचे फेटे ट्रेवर वाकले.

एक पुढारी म्हणाले, "आमच्यात माळकरी लोक आहेत."

दुसरे म्हणाले, "आमच्यात तर लसूणसुद्धा मोजून घालतात."

चहा न घेताच गाड्या गेल्या. संध्याकाळपर्यंत त्या माणसांना एकही वारस उरला नाही.

आम्ही खड्ड्याच्या पायऱ्यांवर बसून हसत होतो. अक्का हसली नाही. म्हणाली, "घूस खाल्ली म्हणून काय झालं? भूक लागली असंन."

*

त्याच हिवाळ्यात, सारवलेल्या घराच्या जमिनीखाली, चुलीच्या अगदी जवळ, दोन रांजण सापडले. आडवे ठेवलेले, तोंडाला तोंड लावून. मी ब्रश फिरवत होतो. ब्रशाच्या दांड्यानं चुकून एकाला टिचकी बसली आणि ठोक् असा आवाज झाला. माझा हात थांबला. मला वाटलं, वडील मागं उभे आहेत.

मॅडमनी ते उघडले. आत बारीक बारीक हाडं होती, पाखराची असावीत अशी. मॅडम म्हणाल्या, "तान्हं बाळ आहे. ही माणसं लहान मूल गेलं की गावाबाहेर नेत नसत. रांजणात ठेवून घरातच पुरत, आईच्या कामाच्या जागेजवळ."

अक्का खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसली होती.

"घरात?" तिनं विचारलं.

"घरात. चुलीपाशी."

थोड्या वेळानं अक्का म्हणाली, "आमच्यात आईला नेत नाहीत. बाप्ये माणसं नेतात. हात-पाय धुवून परत येतात. कोठे ठेवलं ते सांगत नाहीत. आपनबी विचारायचं नाही, अशी रीत शे."

मॅडमना माहीत नव्हतं, आम्हाला माहीत होतं. अक्काची पहिली मुलगी बारसं व्हायच्या आधीच गेली होती. त्याला किती वर्षं झाली! तिला नाव नव्हतं. पुढं दोन मुलगे झाले, मोठे झाले, नाशिकला नोकरीला गेले. अक्कानं रीत पाळली. आबांना कधीच विचारलं नाही.

*

आमच्याकडं आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठी. त्या दिवशी घरोघरी गेलेल्यांच्या नावानं पाण्यानं भरलेली मातीची घागर पुजतात, वर आंबा ठेवतात, सांजोऱ्या करतात. त्या वर्षी अक्कानं घरात नेहमीच्या घागरीशेजारी आणखी एक घागर भरली.

आबा पाटावर बसलेले. "ही कोणाची?"

"टेकाडावरच्यांची. त्यांचे सगळे नातेवाईक त्यांना सोडून गेले."

"ते काय आपले लागतात?"

"त्यांच्यावर केळी लावणार ना तुम्ही? मग पानी पाजाले काय जातं?"

तेवढ्यात आबांचं लक्ष दुसऱ्या घागरीमागं गेलं. तिथं एक छोटं गाडगं होतं, मुठीएवढं, त्यातही पाणी. आबांनी बोट केलं. अक्का सांजोरी तळत राहिली. मी आंबे द्यायला गेलो होतो, म्हणून मला हे माहीत. मी आंबे उंबऱ्यावर ठेवले आणि परत आलो.

*

तिसरा हिवाळा सरला. सरांनी तंबू काढायला घेतला. आबांचा शब्द म्हणजे शब्द, आणि मुदत संपली होती. सर दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले होते. मी एकदा गेलो होतो. मॅडमनी आबांच्या नाशिकच्या मुलांना फोन केला होता. आबांचं उत्तर एकच, "तीन म्हणालो होतो, तीन झाले."

त्या सकाळी जेसीबी आला. पिवळं धूड टेकाडाखाली घरघरत उभं राहिलं. बाकीचे सगळे वरती. मी माझ्या तुकड्याच्या बांधावर, खापरांच्या ढिगाजवळ बसलो होतो. आडवं पडण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती, पण बसता येत होतं. बसलो.

अक्का नेहमीसारखी बादली घेऊन आली होती. तंबू निघाला होता, तरी ती तंबूच्या जागी सारवत होती. जेसीबीकडं तिनं बघितलंही नाही.

आबा ड्रायव्हरला समजावत होते. घरघरीमुळे ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"इकडून सुरू कर. बठ्ठं, सगळं टेकाड सपाट. फक्त लिंबाच्या बुडाशी जायचं नाही."

ड्रायव्हर म्हणाला, "आबा, तेवढा कोपरा कशाले ठेवता? ड्रिपच्या नळीला आडवा येईन. झाडासकट काढून टाकतो."

"नको."

"अर्ध्या तासाचं काम शे."

"सांगितलं ना, तिथं हात लावायचा नाही!"

आबांचा आवाज फाटला. आबांचा आवाज फाटलेला मी आधी कधी ऐकला नव्हता.

अक्काचा सारवणारा हात थांबला. ती उठली. कोपरापर्यंत शेणानं भरलेले हात तसेच. ती आबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांची रीत तिनं तिथं, आमच्या सगळ्यांसमोर मोडली.

"आठे शे का ती?"

ड्रायव्हरला काय वाटलं कोण जाणे, त्यानं इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की लिंबावरच्या खारीचं ऐकू आलं.

आबांनी टोपी काढली. मग मान वर करून लिंबाकडं बघितलं.

अक्का मागं वळली. बादली उचलली. जेसीबीच्या दातांपुढून, आबांना वळसा घालून, पदर सावरत ती लिंबाकडं चालत गेली. तिनं बुडाशी सारवायला घेतलं; ते इंजिन परत सुरू झालं नाही.